बाजेवरची बालवाडी

सोमवारी, १६ जून २०२५ ला, आमचा वेदू पहिलीत बसला. त्याच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांकडे सिनियर केजीचं प्रगतिपुस्तक होतं. आमच्याकडे बटणांची एक टोपली आणि अडीच वह्या. त्याचं ते वर्ष घरीच गेलं आणि त्याच वर्षात त्याला बहीण झाली. एप्रिल २०२४ मध्ये हे ठरवताना मी रात्र रात्र मोबाइलवर शोधत होते, की असं कुणी केलंय का. जे सापडलं त्यात मुलाला वेगळी अभ्यासाची खोली होती आणि बाळाला सांभाळायला बाई. आमचं घर अमळनेरात, दोन खोल्या आणि पुढे ओसरी. म्हणून हे लिहून ठेवते.

आम्ही काही शिक्षणाचे प्रयोग वगैरे करणारे नाही. सगळं सुरू झालं ते वारेमुळे (प्लासेंटामुळे). ८ एप्रिलला विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, वार खाली आहे. बहुतेकींची पुढे आपोआप वर सरकते, पण तोवर वजन उचलायचं नाही, रिक्षाचे धक्के खायचे नाहीत आणि रक्त दिसलं तर रात्र असो की दिवस, लगेच यायचं. वेदू सिझेरियनचा, म्हणून जास्तच जपायचं.

घरी आले तर शाळेचा मेसेज आलेला. सिनियर केजीची फी २२,००० रुपये, पहिला हप्ता ३० एप्रिलच्या आत. व्हॅनचे महिन्याला ९०० वेगळे. व्हॅन आमच्या गल्लीत येत नाही, तोंडाशी थांबते. तिथवर नेणं-आणणं माझ्याकडे होतं. आमचे हे सकाळच्या गाडीने जळगावला अपडाऊन करतात, रात्री साडेआठला घरात. सासूबाईंचे गुडघे गेलेले. आप्पा, म्हणजे सासरे, सकाळी शेतात. आणि खरं सांगायचं तर ज्युनियर केजीचं वर्षभर वेदू रोज त्या व्हॅनपाशी रडला होता. चार रेघी वहीत एबीसीडी लिहून हात दुखवून घ्यायचा, पण ताटात किती पोळ्या आहेत विचारलं की गोंधळायचा.

हे शाळेत विचारायला गेले. ऑफिसात उत्तर मिळालं, "एक वर्ष गॅप घेतला तर सीट जाईल. आणि सिनियर केजी न केलेल्या मुलाला पहिलीत घेणार कोण?" त्या वाक्याने आमची आठ दिवस झोप उडवली. तुम्हालाही कुणी हेच सांगितलं तर आधी वय मोजा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, आणि तो आहे ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. सहाच्या आत शाळेत घालायची सक्ती नाही. आपल्याकडे पहिलीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण व्हायला हवीत. वेदूचा जन्म ऑक्टोबर २०१९ चा, म्हणजे जून २०२५ ला पहिली. मधलं वर्ष मोकळं होतं. त्याच खासगी शाळेत परत जायचं असेल तर त्यांचे नियम त्यांचे, तिथे भांडत बसायची माझ्यात ताकद नव्हती. आप्पा सरळ घराजवळच्या नगरपरिषदेच्या मराठी शाळेत गेले. मोठ्या बाईंनी एवढंच विचारलं, "वय बसतंय ना? मग जन्मदाखला घेऊन या पुढच्या वर्षी." केजीचं नावही काढलं नाही.

(सहा वर्षांनंतरही मूल घरीच शिकवायचं असेल तर तो वेगळा विषय. त्यांनी एनआयओएसचं, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचं, मुक्त मूलभूत शिक्षण बघावं. आम्हाला एकच वर्ष हवं होतं.)

शेजारच्या आजींचा प्रश्न मात्र कायद्याने सुटणारा नव्हता. रोज सकाळी ओट्यावरून अहिराणीत, "पोऱ्या शायमा नही जास का वं?" (पोरगा शाळेत जात नाही का गं?) मी आधी समजावून सांगायचे. नंतर नुसतं "सुट्टी शे" म्हणायला लागले.

मे महिन्यात मी पहिली चूक केली. शाळा घरात आणली. नऊ ते बारा असं वेळापत्रक कार्डशीटवर लिहून भिंतीवर डकवलं. नऊला मराठी, दहाला गणित, अकराला चित्रकला. मी बाजेवर आडवी, बाहेर चव्वेचाळीस-पंचेचाळीसचं ऊन, पंख्याची हवाही भाजणारी, आणि हा 'अ अननसाचा' म्हणून अननस रंगवतोय, जो त्याने कधी खाल्लेला नाही. चौथ्या दिवशी त्याने वेळापत्रकाचं विमान केलं. मी ओरडले, तो रडला, मग मीही.

त्याच आठवड्यात सासूबाईंचे बिबडे आणि कुरडया चालू होत्या. पाच वाजता उठून चीक शिजवायचा, ऊन चढायच्या आत खाटांवर घालून मोकळं व्हायचं. वेदू त्यांच्या मागे मागे. सातच्या सुमारास धावत आला, "मम्मी, मोठ्या मायने एका ओळीत दहा बिबडे घातले आणि चार ओळी झाल्या आणि वर तीन!" किती झाले, मी विचारलं. बोटं मोडत, ओसरीवर परत जाऊन बघत, दहा मिनिटांनी तो त्रेचाळीस म्हणाला. मी भिंतीवरचे उरलेले टेप काढून टाकले.

तेव्हापासून आमचं गणित घरातच होतं. गव्हातले खडे वेगळे काढणं, आप्पांच्या शर्टांची बटणं लावणं, डब्यात वाटीने तांदूळ मोजून घालणं. संध्याकाळी आप्पा त्याला रेल्वेलाइनच्या बाजूला फिरायला न्यायचे. सुरत-भुसावळ मार्ग, मालगाड्यांना तोटा नाही. इंजिन सोडून डबे मोजायचे हा दोघांचा खेळ. एका गाडीला अठ्ठावन्न निघाले तर दुसरीला एकोणसाठ, आणि हा 'एकोण'पाशी दर वेळी अडकायचा. पन्नास आलं नाही तोच 'एकोणपन्नास' कसं, साठ आलं नाही तरी 'एकोणसाठ' का? २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास नऊ' असं वाचायचं आलं तेव्हा मीही हसणाऱ्यांत होते. आता नाही हसणार. आप्पांनी मात्र त्यांची युक्ती काढली, "एक उणे साठ. साठला एक डबा कमी." डबा म्हटल्यावर कळलं.

१ जुलैच्या सोनोग्राफीत वार वर सरकलेली दिसली. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून पाच मिनिटं नुसती रडले. मग पहिलं काम म्हणजे अंगणवाडी. माझी गरोदरपणाची नोंद तिथे होतीच, वेदूचंही नाव घातलं. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे घेतात, फी नाही, गरम खाऊ मिळतो, आणि आमच्या घरापासून चार दारं टाकून आहे. घरीच शिकवायचं म्हणणारे कट्टर लोक नाक मुरडतील, पण आठवड्यातून तीन दिवस दोन-अडीच तास घर शांत होणं हे मला कुठल्याही तत्त्वापेक्षा मोठं वाटलं. फक्त तो जुलै 'लाडकी बहीण' योजनेच्या अर्जांचा होता. अंगणवाडीच्या ताईंच्या टेबलापुढे बायांची रांग, ताईंचा मोबाइल तापलेला, आणि पोरं आपापली गाणी म्हणत बसलेली. नोंदीला मला तीन खेपा पडल्या. अशा कामाला सकाळी उघडायच्या वेळीच जावं, आणि आधार, बँकेचं पासबुक, माता-बालसंरक्षण कार्ड या तिन्हींच्या दोन-दोन झेरॉक्स पिशवीत कायम ठेवाव्यात.

सिझेरियन १६ ऑगस्टला ठरलं होतं. नागपंचमी ९ ला, त्यानंतरच्या रविवारी, ११ ला, आमच्याकडे कानबाई, म्हणजे आमचा खान्देशातला देवीचा सण. रोटाच्या, म्हणजे प्रसादाच्या, गव्हाच्या सव्वा-सव्वा मुठी सासूबाईंनी मोजल्या आणि वेदूने प्रत्येक मुठीला मोठ्याने आकडा म्हटला. पाव म्हणजे काय, हे त्याला चिमटीभर गव्हात कळलं. रात्री जागरणाची गाणी चालू असताना माझ्या कळा सुरू झाल्या. बारा तारखेला सकाळी गल्लीतून कानबाई विसर्जनाला निघाली, वाजतगाजत, आणि त्याच वेळी दवाखान्यात मुलगी झाली. सगळ्यांनी तिला कानूच म्हणायला सुरुवात केली. आजही खरं नाव फक्त कागदावर आहे.

दवाखान्यात पाच दिवस, बिल ४५,००० रुपये. सरकारी दवाखान्यात बाळंतपण आणि सिझेरियनसुद्धा मोफत होतं, ते आम्हाला माहीत होतं. पण आधीचं सिझेरियन ज्यांनी केलं त्याच डॉक्टरांकडे जायचा हट्ट माझा होता.

शिरपूरहून आई आली होती. तिने एक गोष्ट फार शहाणपणाची केली. वेदू पहिल्यांदा भेटायला आला तेव्हा कानूला माझ्याजवळून काढून पाळण्यात ठेवलं. तो आला तेव्हा माझे हात रिकामे होते. तो आधी माझ्या कुशीत शिरला, सलाइनची नळी बघितली, आणि मग दहा मिनिटांनी म्हणाला, "ती कुठंय?"

१९ तारखेला राखीपौर्णिमा. गल्लीतल्या सगळ्या पोरांच्या हाताला राख्या, आणि ज्याला आठवड्यापूर्वी ताजी ताजी बहीण झाली त्याचाच हात रिकामा. कारण सोयर. सासूबाई दहा दिवसांच्या आत काही ऐकेनात. त्याचा चेहरा बघवत नव्हता. शेवटी २३ तारखेला, बाराव्या दिवशी, बारशाच्या पाळण्यातून कानूच्या मुठीला राखी लावून ती त्याच्या हातावर बांधली. चार दिवस उशिरा, पण त्याने ती दिवाळीपर्यंत काढली नाही.

इथपर्यंत वाचून सगळं गोड चाललं होतं असं वाटेल. सप्टेंबर वाईट गेला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत आम्ही पाटी उघडलीसुद्धा नाही. पाचवीची पूजा, पाहुणे, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, धुरी. माझे टाके ओढायचे, कानू रात्री बारा ते तीन जागी. वेदू, जो दोन वर्षांपासून रात्री कोरडा उठायचा, तो पुन्हा गादी ओली करायला लागला. एकदा विचारलं, "हिला परत कधी द्यायचं?" एकदा मी दूध पाजत असताना येऊन माझी वेणी जोरात ओढली आणि मी त्याला चापट मारली. रात्री तो झोपल्यावर त्याच्या गालावर हात ठेवून बसले. शाळेत घातलं असतं तर निदान अर्धा दिवस सुटला असता माझ्यापासून, असंही मनात आलं. त्या महिन्यात त्याच्या हातात मोबाइल किती वेळ होता हे मी मोजलं नाही, कारण मोजायची हिंमत नव्हती.

अंगणवाडीच्या ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, अक्षरं जाऊ द्या, दूध पाजायची वेळ त्याची करा. मग ही टोपली आली. जुन्या परडीत बटणं, जाड दोरा, चिंचोके, रंगीत खडू, छोटी पाटी, दोन चित्रांची पुस्तकं, आणि मातीचा गोळा ओल्या फडक्यात. सगळं मिळून ३४० रुपये. नियम एकच: कानू दूध प्यायला लागली की टोपली बाहेर, तिचं झालं की टोपली वर. बाजेच्या एका टोकाला मी आणि ती, दुसऱ्या टोकाला तो. कानू दिवसाला आठ-दहा वेळा प्यायची. त्यातल्या दोन-तीन वेळांना जरी टोपली निघाली तरी चाळीस-पन्नास मिनिटं व्हायची, आणि तेवढंच आमचं शिकणं. पहिल्या दिवशी तो शंका घेत बसला. चौथ्या दिवशी स्वतःच सांगत आला, "मम्मी, कानू रडतेय, टोपली काढ."

अक्षरं क्रमाने घेतली नाहीत. त्याच्या नावातला व, मग द, मग कानूचे क आणि न. या चारांत 'वन', 'नव', 'दव' असे शब्द होतात हे त्याचं त्यालाच सापडलं, आणि 'नवद' हा शब्द का नाही यावर तो बराच वेळ वाद घालत होता. पुस्तकं विकत घ्यायची गरज पडली नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. मी पहिलीच्या पुस्तकातली थोडी पानं छापून आणली, ४० रुपये.

त्याच सुमारास भुलाबाई बसल्या होत्या. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गल्लीतल्या मुली रोज संध्याकाळी दारोदार गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा असतो. मुलींचा खेळ, पण खाऊमुळे वेदू त्यांच्यात घुसला. गोड का तिखट, वाटलेलं का तळलेलं, गोल का चपटं, असे प्रश्न विचारत विचारत तो एक महिन्यात जेवढं बोलायला शिकला तेवढं माझ्या शिकवण्याने झालं नसतं.

आता कागदांचं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कानूचा जन्मदाखला निघाला, दोन खेपांत, कारण पहिल्या वेळी पोर्टल चालत नव्हतं. एकवीस दिवसांच्या आत जन्माची नोंद झाली तर विलंब शुल्क लागत नाही. दवाखाना नोंद पाठवतो, पण त्यांच्या फॉर्मवर सही करण्याआधी आई-बापाच्या नावांचं इंग्रजी स्पेलिंग आधारशी अक्षर न् अक्षर पडताळा. आमच्या वेळी यांच्या नावात एक 'ए' जास्त पडला होता, तो नशिबाने सहीआधी दिसला. बाळाचं नाव ठरलं नसेल तर रकाना कोरा राहिला तरी चालतो, वर्षाच्या आत अर्ज देऊन घालता येतं. वेदूला ऑक्टोबरमध्ये पाच पूर्ण झाली, तेव्हा त्याचं आधारही अपडेट केलं: लहानपणीच्या निळ्या आधारात बोटांचे ठसे नसतात, पाच वर्षांनंतर ते द्यावे लागतात, आणि ते मोफत असतं. शाळेत नाव घालायच्या गडबडीत हे करण्यापेक्षा आधी उरकलेलं बरं.

नोव्हेंबरमध्ये कानूचे चौदा आठवडे भरले आणि वेदूचा पाच वर्षांचा डीपीटी लसीचा बूस्टरही बाकी होता. आशाताई म्हणाल्या, दोघांचं एकदमच करू. पण विसाव्या तारखेला विधानसभेचं मतदान, सगळे कर्मचारी त्यात, म्हणून आमचं सत्र एक आठवडा पुढे गेलं. कानूला दोन तोंडातून थेंब आणि तीन सुया, वेदूला दंडात एक. आधी त्याला दिली. ओठ घट्ट मिटून, डोळ्यात पाणी, पण रडला नाही. मग कानूने टाहो फोडला तेव्हा तिच्या कानाशी जाऊन म्हणाला, "झालं झालं, आता एकच." खरं तर अजून दोन होत्या. रात्री दोघांना ताप. तापाचं औषध वजनाप्रमाणे किती द्यायचं ते तिथेच लिहून घ्या, रात्री अकराला आठवत नाही.

चौदा आठवड्यांचे डोस झाले की मातृवंदना योजनेचा अर्ज करता येतो. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये एकरकमी मिळतात, मात्र उत्पन्न आठ लाखांच्या आत किंवा ठरावीक कार्डांपैकी एखादं हवं, आणि जन्मापासून २७० दिवसांच्या आत अर्ज हवा. मी डिसेंबरमध्ये भरला. मार्चपर्यंत काही नाही. मग कळलं की माझं आधार एका जुन्या, बंद पडत आलेल्या खात्याला जोडलेलं होतं आणि पैसे तिथे येऊन पडले होते. त्या बँकेत जाऊन केवायसी, दोन तास, आणि कानू पूर्ण वेळ मांडीवर. अर्ज भरण्याआधी आधार कुठल्या खात्याला जोडलंय हे तपासा, पासबुक कुठलं दिलंय त्यावर जाऊ नका.

जानेवारीनंतर फार सांगण्यासारखं नाही. रोजचं तेच, आणि तेच हवं होतं. फेब्रुवारीत कानू पालथी पडून सरकायला लागली तसे चिंचोके आणि बटणं उंच फडताळात गेली. एक दिवस वेदू शेवभाजीच्या हॉटेलाची पाटी वाचत होता, 'शे… व… भा… जी', आणि ह्यांनी गाडी थांबवून त्याला पुन्हा वाचायला लावलं. इंग्रजीत मात्र तो मागे पडला. एबीसीडीतली निम्मी विसरला आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

एप्रिल २०२५ मध्ये नगरपरिषदेच्या शाळेत शाळापूर्व तयारीचा मेळावा झाला. वेगवेगळी टेबलं मांडलेली: उड्या मारणं, रंग जुळवणं, चित्र बघून गोष्ट सांगणं, वस्तू मोजणं. परीक्षा नाही, नापास कुणी नाही, तरी माझ्या पोटात गोळा. मोजायच्या टेबलावर बाईंनी खडे दिले. हा म्हणाला, "डबे आहेत का?" बाईंना कळेना. आप्पा मागे उभे राहून हसत होते. कात्रीने कागद कापायला जमलं नाही, कारण टोपलीत मी कात्री कधी ठेवलीच नव्हती. मे महिन्यात तेवढं केलं.

प्रवेशाला जन्मदाखला, त्याचं आणि आमचं आधार, जातीच्या दाखल्याची प्रत, दोन फोटो. खर्च झेरॉक्स आणि फोटोंचे मिळून ११० रुपये. पुस्तकं शाळेतूनच मिळतात. पहिलीला हिंदी असणार की नाही, हे तेव्हा बाईंनाही नक्की माहीत नव्हतं.

१६ तारखेला गेटपाशी मुलांना फुलं दिली. आत गेल्यावर अर्धा वर्ग रडत होता. मी कानूला कडेवर घेऊन खिडकीशी थांबले होते, बाईंनी हाताने जा म्हणून खूण केली. घरी येऊन भाकरी टाकल्या, पण लक्ष लागेना. दुपारी तो आला, दप्तर फेकलं आणि सरळ पाण्याच्या माठाकडे.

"काय शिकवलं रे आज?"

"काहीच नाही. दोन पोरं रडत होती, त्यांना गप करत होतो. मला येतं ना ते."